तळटीप : निमजचे शिपाई

१. लेखात 'निमजचे शिपाई' म्हणून ओझरता उल्लेख आहे, ते नामदेव जाधव. निमज हे संगमनेर तालुक्यातले गाव. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. मराठा लाइट इन्फंट्रीत ते कंपनीचे निरोपे होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांचा कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले. जाधवांनी एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेले. मग परत येऊन दुसऱ्यालाही. त्यानंतर एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले. ते संपल्यावर बांधावर सरपटत जाऊन साथीदारांकडून आणखी आणले. तीन ठाणी गप्प झाल्यावर, तोफगोळे पडत असतानाच ते बांधावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धघोषणा देत त्यांनी मागच्यांना हाताने खुणावून बोलावले. या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ऑपेराच्या रसिकांसाठी एक जोड द्यावीशी वाटते. सेनिओजवळचे लूगो हे संगीतकार रॉसिनीच्या वडिलांचे गाव. लहानपणी तोही काही काळ तिथे राहून शिकला. रॉसिनीचे चरित्र वाचताना लूगो भेटते, पण ते मुक्त करताना आपली माणसे लढली हे मराठी वाचकाला कुणी सांगत नाही, म्हणून ही टीप लांबवली. जाधव युद्धातून परतले आणि १९८४ साली वारले.