कुल्हडातली चव कुणाची?

चीनच्या जिआंग्सू प्रांतात यिशिंगची जांभळट माती लेप न देता भाजून किटल्या करतात. एका किटलीत एकाच जातीचा चहा. भांडं तो पितं आणि वर्षानुवर्षं मुरवतं, असा तिथला समज. आपल्याकडे नेमकं उलटं. पुण्याच्या अमृततुल्याचा चहा पितळी पातेल्यात, पिंपरी-चाकणच्या टपरीवरचा ॲल्युमिनियमच्या. माती भेटते ती शेवटी, कुल्हडात, आणि तेही एकदा वापरून फोडायचं! २००४ मध्ये लालूप्रसादांनी रेल्वेत कुल्हड आणले, तेव्हा चर्चा मुख्यतः कुंभारांच्या रोजगाराची झाली.

माझ्या मते मातीची चव मुरलेल्या किटलीपेक्षा या फेकायच्या भांड्यातच जास्त. कोरडी भाजलेली माती पहिल्यांदा भिजली की पहिल्या पावसाचा वास सुटतो. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतूनच तो काढतात. १९६४ साली दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. खराडीचा तंदूर चहा गाजला, पण तापून लाल झालेल्या कुल्हडात चहा उसळतो तेव्हा वास येतो तो धुराचा आणि करपल्या दुधाचा. मातीच हवी असेल तर साधं कुल्हड घ्यावं, आणि चहावाल्याला आलं जरा कमी टाकायला सांगावं.