धनुष्याची ओढ

श्रोतेहो, जनकाच्या सभेंतील धनुष्य कसें मोडलें हें आपल्या घरांतील लहान मुलालाहि ठाऊक आहे. रामानें प्रत्यंचा ओढली आणि धनुष्य मधोमध दुभंगलें. कथा ऐकतांना आपण रामाच्या बळाचें कौतुक करतों. पण धनुष्य कां मोडलें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज तोच प्रश्न आपणांपुढें मांडावयाचा आहे. लांकडाचें धनुष्य किती जड ओढीचें करतां येतें, आणि त्या ओढीला मर्यादा कोण घालतो? लांकूड, घडविणारा, कीं ओढणारा?

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्राला मिळते. तेथील खाडी ओलांडली कीं भाट्याचा किनारा लागतो. समोर लांबच लांब वाळू, कांठानें सुरूचें बन आणि जवळच माडांच्या बागा. पावसाळी वाऱ्यांत येथें घटकाभर उभें राहिलें तर या विषयाचा पहिला धडा फुकट मिळतो. माड वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. त्याच्या खोडाचा कठीण, तंतुमय भाग बाहेरच्या अंगास असतो व आंतला गाभा मऊ असतो. कोणतीहि वस्तु वाकविली म्हणजे सर्वांत अधिक ताण तिच्या बाहेरच्या थरांवर पडतो. आणि निसर्गानें माडाचें बळ नेमकें तेथेंच सांठविलें आहे. बांबूचीहि रचना अशीच आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत धनुष्याच्या साहित्याची गणना केली आहे. तींत ताड, वेळू, लांकूड आणि शिंग अशीं चार द्रव्यें येतात. चारांपैकीं दोन या तंतुमय वर्गांतलीं आहेत, हा केवळ योगायोग नव्हे.

आतां धनुष्याच्या अंगाकडे वळूं. त्याची जी बाजू शत्रूकडे असते ती पाठ, आणि जी धनुर्धराकडे असते तें पोट. प्रत्यंचा ओढली कीं पाठ ताणली जाते व पोट दाबलें जातें. पाठीचा तंतु तुटला तर धनुष्य कडाडून मोडतें. पोटाचे तंतु दबून चिरडले तर तें मोडत नाहीं, पण कायमचें वांकडें होऊन त्याचा जोर जातो. म्हणूनच पाठीचा तंतु मध्येंच कापला जाऊं नये, हा या विद्येचा पहिला नियम होय. चांगलें लांकूड लांबींत शंभरांत सुमारें एक भाग इतकाच फरक सोसतें. त्यापलीकडे त्याचा धीर सुटतो.

येथेंच खरी मेख आहे. धनुष्य जड करावयाचें तर तें जाड करावें, असें आपणांस वाटतें. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो, हें खरें. परंतु त्याच वांकात बाहेरच्या थरावरील ताणहि दुप्पट होतो, आणि धनुष्य जनकाच्या सभेची आठवण करून देतें. रुंदी दुप्पट केली तर ओढ दुप्पट होते व तंतूंवरील ताण वाढत नाहीं. पण हातांत पेलावयाची काठी फळीसारखी होऊं लागते. तिसरा मार्ग लांबीचा. धनुष्य लांब असलें कीं तेवढ्याच ओढीला त्याचा वांक सौम्य राहतो, आणि मग अधिक जाडी खपते. जुन्या कारागिरांनीं हाच मार्ग धरिला. अग्निपुराणांतील धनुर्वेदांत चार हातांचें धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचें मध्यम आणि तीन हातांचें कनिष्ठ सांगितलें आहे. चार हात म्हणजे सुमारें सहा फूट. आपल्या जुन्या मापांत चार हातांच्या लांबीला 'धनु' हेंच नांव आहे, यावरून हें प्रमाण किती रूढ होतें तें दिसतें.

परक्यांची साक्षहि हेंच सांगते. अलेक्झांडरचा नौकाध्यक्ष निआर्कस याच्या आधारानें एरियन लिहितो कीं, हिंदी पायदळाचें धनुष्य माणसाच्या उंचीएवढें असे. तें जमिनीवर टेकवून, डाव्या पायानें रेटून, प्रत्यंचा पुष्कळ मागें ओढीत. बाण तीन हातांना थोडासा कमी असे, आणि ढाल किंवा चिलखत त्याला आवरूं शकत नसे. पण जड धनुष्याची उणीवहि याच मोहिमेंत दिसली. इसवी सनापूर्वी ३२६ सालीं झेलमच्या कांठीं पोरसाशीं लढाई झाली तेव्हां पावसानें जमीन निसरडी झाली होती. कर्टियस सांगतो कीं, धनुष्य टेकविण्यास घट्ट भूमि मिळेना आणि तिरंदाजांचा वेग खुंटला.

लांकडी धनुष्याची वरची मर्यादा किती, याचा पुरावा मात्र इंग्लंडच्या समुद्रतळाशीं सांपडला. आठव्या हेन्रीचें 'मेरी रोझ' हें जहाज १५४५ सालीं बुडालें. त्याचा सांगाडा १९८२ सालीं वर काढण्यांत आला. त्यांत यू नांवाच्या वृक्षाचीं दीडशेंहून अधिक धनुष्यें आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. धनुष्यांची लांबी सहा फुटांहून अधिक, कांहींची तर सात फुटांच्या जवळपास. त्यांची ओढ सुमारें १०० पासून १८५ पौंडांपर्यंत असावी, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. त्या जहाजावरील कांहीं सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचें टोक एकजीव झालेलें नाहीं; लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याची ती खूण असावी, असें अभ्यासकांना वाटतें.

यापुढें जाऊन दोनशें-अडीचशें पौंडांचें धनुष्य घडवितां येणार नाहीं असें नाहीं. पण तें ओढणार कोण? आणि ओढलें तरी लाभ किती? बळ दुप्पट झालें म्हणजे बाणाचा वेग दुप्पट होत नाहीं. फार तर दीडपटीच्या आंत राहतो. शिवाय जाड झालेल्या बाहूंना स्वतःलाच पुढें फेकण्यांत पुष्कळ शक्ति खर्ची पडते. म्हणून जड धनुष्याला जड बाणच शोभतो. हलका बाण लावणें म्हणजे हत्तीला सुपारी फोडावयास लावणें होय.

यावर एक उपाय होता: शिंग आणि स्नायु. पोटाला शिंगाची पट्टी, पाठीला जनावराच्या स्नायूंचे धागे, आणि दोहोंना धरणारा सरस. हीं द्रव्यें लांकडापेक्षां कित्येक पट अधिक ताण सोसतात. म्हणून मोगल स्वाराची कमान आंखूड असूनहि जबरदस्त असे. परंतु सरसाचें वैर ओलाव्याशीं. जेथें वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो त्या रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर अशी कमान जपणें किती अवघड, हें ज्यांच्या घरीं श्रावणांत पुस्तकांच्या बांधण्या सुटतात त्यांना सांगावयास नको. हिंदुस्थानांत पोलादाच्या कमानीहि होऊं लागल्या. त्या कोठारांत वर्षानुवर्षें टिकत, हें त्यांचें मोठें कारण मानतात. साधा वेळू मात्र पावसाला फारसा भीत नाहीं. कोंकणांतला माणगा तर जवळजवळ भरीव. त्याची काठी हातांत घेऊन वांकवून पाहिली म्हणजे शास्त्र न वाचतांहि पटतें.

हेंच ज्ञान सातपुड्यांतील भिल्लानें जिवंत ठेविलें. त्याच्या तीरकमठ्याची काठी बांबूची, आणि प्रत्यंचाहि पुष्कळदां बांबूच्याच सालपटाची. ती ताणली तरी फारशी लांबत नाहीं, त्यामुळें शक्ति वायां जात नाहीं. शिकारीचें हें धनुष्य युद्धाच्या धनुष्याइतकें जड नसतें, पण नियम तेच आहेत: थोडें तासावें, वांकवून पाहावें, जेथें ताठर दिसेल तेथेंच पुन्हा तासावें, जेथें नमलें असेल तेथें हात लावूं नये. १८२५ सालीं औट्रमनें खानदेशांत भिल्लांची पलटण उभारली आणि त्यांच्या हातीं बंदूक दिली. तरी डोंगरांतल्या घरचा तीरकमठा भिंतीवरून उतरला नाहीं. आपण शहरांतले लोक पदार्थसंग्रहालयांत तो पाहतों आणि रानटी अवस्थेचा अवशेष म्हणून पुढें सरकतों. वस्तुतः झेलमच्या कांठीं परक्यांनीं ज्याची धास्ती घेतली त्याच विद्येचा तो वारस आहे.

इंग्लंडांत १५९५ सालीं सरकारनें शिक्षित सैन्याच्या शस्त्रांतून धनुष्य वगळलें. लांकूड संपलें म्हणून नव्हे. बंदूक कांहीं आठवड्यांत शिकतां येई. जड धनुष्य ओढणारा खांदा घडवावयास बालपण खर्चावें लागे. धनुष्याला शेवटची मर्यादा माणसानें घातली ती अशी. जी विद्या हातांत असते ती कागदावर उतरवून ठेवल्यानें टिकत नाहीं. ती पुढच्या हातांत द्यावी लागते. सातपुड्यांत एखादा म्हातारा आपल्या नातवासमोर बांबू तासीत बसलेला दिसला, तर श्रोतेहो, थोडें थांबून पाहा. तेथें एक फार जुनी शाळा भरलेली असते.