‘प्रॅक्टिकलचा मुलगा’ ही नवी जात आहे

इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या मुलांबद्दल एक वाक्य सर्रास ऐकू येते : ‘याला थिअरी झेपणार नाही, हा प्रॅक्टिकलचा मुलगा.’ ऐकायला कौतुक वाटते. त्यामागचा इतिहास मात्र कौतुकाचा नाही.

१९१५ मध्ये खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या माथ्यावरचे पाणी पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली येऊन टर्बाइन फिरवू लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आले. आधुनिक अभियांत्रिकी शंभर वर्षांपूर्वीच या दोन तालुक्यांच्या दारात आली. वाडी-वस्तीच्या घरात मात्र आली नाही. पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मिळत होते, पण तिथे पोहोचायला आधी शाळेच्या बाकावर बसू दिले जायला हवे होते.

याच डोंगरांतला कातकरी खैराचे लाकूड उकळून कात काढत असे. आच किती, रस किती आटवायचा, हे त्याला ठाऊक होते. त्याला कोणी रसायनशास्त्र म्हटले नाही. राबणारे हात एका जातीला आणि पोथी दुसऱ्या जातीला, अशी वाटणी आधीच झाली होती. जात केवळ कामाचीच नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. १९४२ मध्ये सरकारपुढे अस्पृश्यांची गाऱ्हाणी ठेवताना त्यांनी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि कारखान्यांत उमेदवारीही मागितली. प्रयोगशाळा आणि वर्कशॉप, दोन्ही. एकावर समाधान मानले नाही.

आता ‘लर्निंग स्टाइल’कडे वळू. १९८८ मध्ये रिचर्ड फेल्डर आणि लिंडा सिल्व्हरमन यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या शिकण्याच्या पद्धतींवर लेख लिहिला. त्यांचा रोख शिक्षकांवर होता : फळ्यावर फक्त सूत्रे लिहू नका, आकृती, प्रयोग, चर्चा, सगळे वापरा. पण शिक्षकाला दिलेला सल्ला विद्यार्थ्याच्या कपाळावरचा शिक्का बनला. २००८ मध्ये चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासले. विद्यार्थ्याच्या ‘स्टाइल’नुसार शिकवल्याने तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

म्हणजे शिक्क्याला शास्त्राचा आधार नाही, जातीच्या सवयीचा आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तक अडते, घरी विचारायला कोणी नसते, लॅबमध्ये यंत्राला हात लावायची पाळी येत नाही. हा संधीचा प्रश्न आहे, मेंदूच्या जातीचा नाही.

आज कर्जतलाच अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथल्या आपल्या मुलामुलींनी तीन गोष्टी ठामपणे मागाव्यात : संकल्पना मराठीतही समजावून सांगा, प्रत्येकाला यंत्रावर स्वतः काम करू द्या, आणि गणिताचे जादा वर्ग घ्या. भिवपुरीचे टर्बाइन खोलता यावे आणि त्याचे समीकरणही मांडता यावे. यातले एकच देणाऱ्याला विचारा : दुसरे कोणासाठी राखून ठेवले आहे?

जय भीम!