भोंडल्याची गाणी
आश्विनात, सूर्य हस्त नक्षत्री असता, पाटावर हत्ती रेखून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींनी मौखिक परंपरेने जतन केलेली गीते. पश्चिम महाराष्ट्रात हा खेळ भोंडला वा हादगा म्हणून, तर विदर्भ-खानदेशात भुलाबाई म्हणून रूढ आहे. हस्त हे पर्जन्याचे नक्षत्र व हत्ती मेघाचे प्रतीक, यावरून या गीतांचा उगम वर्षाविधीत शोधला जातो. तथापि पदांचा मजकूर पाहता त्यांत पर्जन्याच्या प्रार्थनेपेक्षा सासुरवासाची फिर्यादच अधिक, आणि तीही बहुधा हसत-खिदळत गुदरलेली. रोज एकेक गाणे वाढवीत 16 दिवस खेळण्याचा जुना रिवाज आता नवरात्राच्या 9 दिवसांवर, कित्येक ठिकाणी एकाच सायंकाळवर, आला आहे. पाठभेद गावोगाव, किंबहुना घरोघर. झाकलेली खिरापत ओळखण्याचा शेवटचा सोहळा मात्र, मुलींचा खरा जीव त्यातच असल्यामुळे, टिकून आहे.