पाटणचा मठ : चंद्रग्रहणाच्या दिवशी गणिताला मिळालेले दान

१/
चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणादेवीचे स्थान आहे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातील या देवळात बहुतेक जण दर्शनासाठी येतात. येथील एका शिलालेखाची नोंद मात्र विज्ञानाच्या इतिहासात झाली आहे. त्यात एका अभ्यासकेंद्राची स्थापना, त्याचा अभ्यासक्रम आणि त्याच्या खर्चाची व्यवस्था लिहून ठेवलेली आहे.

२/
लेखाचा काळ तेराव्या शतकाच्या आरंभीचा. देवगिरीवर यादवांचे राज्य होते आणि पाटणच्या परिसरावर त्यांचे मांडलिक निकुंभ घराणे कारभार पाहत होते. आज जेथे रान आहे, तेथे तेव्हा नांदते बाजारपेठेचे गाव होते. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने या गावी एक मठ स्थापन केला. निकुंभ सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव या दोघांनी त्या मठाला दिलेल्या दानांचा उल्लेख लेखात आहे. (हा हेमाडिदेव म्हणजे यादवांचा प्रसिद्ध मंत्री हेमाडपंत नव्हे. हेमाडपंत पुढच्या पिढ्यांतला.)

३/
चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. लेखात घराण्याची वंशावळ दिली आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव. एकाच घरातील नऊ पिढ्या. लक्ष्मीधराची विद्वत्ता ऐकून राजा जैत्रपालाने त्याला आपल्याकडे नेले व पंडितांचा प्रमुख केले, अशीही नोंद आहे. संत ज्ञानेश्वरांच्या चरित्रात येणारे चांगदेव वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे हा घोटाळा वारंवार होतो.

४/
भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे इ.स. ११८३ च्या सुमारास त्यांनी ‘करणकुतूहल’ रचला. सिद्धान्तग्रंथात गणिताची तत्त्वे आणि उपपत्ती असतात. करणग्रंथ हा पंचांग करणाऱ्याच्या हाताशी असावा असा, सोप्या रीतीने ग्रहस्थिती काढून देणारा. तत्त्व आणि व्यवहार या दोन्हींसाठी त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले.

५/
चांगदेवाने मठाचा हेतू स्पष्ट शब्दांत नोंदवला आहे. सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ, भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ आणि त्यांच्या घराण्यातील इतर विद्वानांची रचना यांचे व्याख्यान या मठात झालेच पाहिजे, अशी अट होती. ‘व्याख्यान’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सूत्रे पद्यात आणि अतिशय संक्षिप्त असत. ती समजावून सांगणारा, उदाहरणे सोडवून दाखवणारा आणि उपपत्ती मांडणारा गुरू नसेल, तर ग्रंथ हाती असूनही विद्या हाती येत नसे. म्हणून पोथी जतन करण्यापेक्षा ती शिकवणारी जागा उभी करणे अधिक निकडीचे होते.

६/
आता खर्चाचा प्रश्न. लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे : स्तुती, राजवंश, विद्वानांची वंशावळ. दानाचा तपशील सुरू होतो तेव्हा भाषा बदलते आणि जुनी मराठी येते. पाटणच्या बाजारात येणाऱ्या ‘केण्या’वर, म्हणजे विक्रीच्या मालावर, राजाचा जो हक्क होता त्यातील वाटा मठाला दिला आहे. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचे आहे. मालाचे मोजमाप मठाच्या मापाने व्हावे आणि मापाईतही मठाचा वाटा असावा, असे ठरवले आहे.

७/
भाषा का बदलली, याचे उत्तर व्यवहारात दिसते. राजांची स्तुती पंडितांनी वाचायची होती. देण्याचे नियम मात्र तेली, व्यापारी, गिऱ्हाईक आणि मापाडी यांना कळणे आवश्यक होते. म्हणून हा लेख जुन्या मराठीच्या अभ्यासकांसाठीही मोलाचा ठरला. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या संग्रहात अशा लेखांचा एकत्रित अभ्यास आढळतो. एकाच दगडाकडे गणिताचा इतिहासकार, भाषेचा अभ्यासक आणि अर्थव्यवस्थेचा अभ्यासक अशा तिघांना यावे लागते.

८/
या दानाचा गौरव करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बाजारातले लोक स्वेच्छेने वर्गणी देत होते, असे येथे दिसत नाही. राजाच्या हक्काची वसुली मठाकडे वळवली होती. लेखात देणाऱ्यांची आणि देण्याच्या मापांची नोंद आहे. पळीभर तेल देणाऱ्या घाणेवाल्याचे मूल त्या मठात शिकायला बसत होते, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही. विद्येचा खर्च कोण उचलतो आणि विद्या कोणापर्यंत पोहोचते, हे प्रश्न समाजशास्त्राचे असले तरी ते या दगडापासूनच सुरू होतात.

९/
लेखाच्या तारखेची गोष्टही पाहण्यासारखी आहे. लेखात शक ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असे दिले आहे. साठ संवत्सरांचे चक्र असते. अलीकडे प्रभव संवत्सर शके १९०९ मध्ये, म्हणजे इ.स. १९८७-८८ मध्ये आले होते. त्यातून साठाची तेरा चक्रे, म्हणजे ७८० वर्षे, वजा केली की शके ११२९ मिळते, इ.स. १२०७. कोरलेला आकडा आणि संवत्सर यांत एका वर्षाचा फरक पडतो.

१०/
मग कोणते खरे मानायचे? प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण या तिन्ही गोष्टी ९ ऑगस्ट १२०७ या दिवशी एकत्र येतात. म्हणून अभ्यासकांनी हीच तारीख स्वीकारली. शकाच्या आकड्यात एका वर्षाचा फरक जुन्या लेखांत पुष्कळदा आढळतो. ग्रहण मात्र चंद्र-सूर्याच्या गतीने ठरते आणि ते मागे जाऊन मोजता येते. ज्या विद्येसाठी मठ बांधला, त्याच विद्येने मठाच्या दानाची तारीख निश्चित केली.

११/
हा लेख अभ्यासकांच्या जगापुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील हे पदवीधर व्यवसायाने वैद्य होते आणि नाणी, ताम्रपट, शिलालेख यांचे तितकेच व्यासंगी होते. प्राचीन भारतीय ज्योतिषांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६५ मध्ये आला. त्यात पाटणच्या लेखाची माहिती होती. पुढे संस्कृत पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात लेखाचे संपादन केले.

१२/
लेख काय सिद्ध करतो आणि काय करत नाही, हे वेगळे ठेवले पाहिजे. भास्कराचार्यांचा नातू इ.स. १२०७ मध्ये पाटणला होता आणि तेथे आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे अशी व्यवस्था झाली, हे निश्चित. भास्कराचार्य स्वतः पाटणला जन्मले किंवा तेथेच त्यांनी ग्रंथ लिहिले, हे या लेखातून सिद्ध होत नाही. त्यांनी आपले गाव ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे, सह्याद्रीच्या सान्निध्यातले. ते कोणते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. खानदेशाचा अभिमान रास्त आहे. त्या अभिमानासाठी दगडावर कोरले आहे तेवढेही पुरेसे आहे.

१३/
या घराण्याचे खानदेशाशी असलेले नाते दुसऱ्या एका लेखातूनही स्पष्ट होते. चाळीसगाव तालुक्यातच, गिरणेच्या काठी, बहाळ हे गाव आहे. तेथील शके ११४४, म्हणजे इ.स. १२२२ च्या लेखात अनंतदेव या ज्योतिषाने देवीचे मंदिर बांधल्याची नोंद आहे. अनंतदेव हा भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याचा नातू, आणि तोही सिंघणाच्या दरबारी. ब्रह्मगुप्त व वराहमिहिर यांच्या ग्रंथांवर त्याने टीका लिहिल्या, असे लेख सांगतो. लेखाची रचना त्याचा भाऊ महेश्वर याची. पंधरा वर्षांच्या अंतराने, एकाच टापूत, एकाच घराण्याच्या दोन शाखा विद्येचे काम करताना दिसतात.

१४/
याच बहाळमध्ये आणखी जुना इतिहास पांढरीच्या टेकाडात दडलेला होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे म. न. देशपांडे यांनी १९५०च्या दशकात तेथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगापासून पुढच्या ऐतिहासिक काळापर्यंतच्या वस्तीचे थर मिळाले. गिरणेच्या दुसऱ्या काठावरील टेकवाडे येथे दफने सापडली. येथे वाचायला अक्षरे नव्हती. खापरांचा रंग, त्यांवरील नक्षी आणि मातीच्या थरांचा क्रम हीच साधने होती.

१५/
पाटणेही असेच मागे घेऊन जाते. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी तेथील अश्मयुगीन स्थळाचे उत्खनन केले. दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याचे टरफल मिळाले, त्याचे मणी मिळाले आणि एक कोरीव तुकडाही मिळाला. समांतर रेषांच्या मधे आडव्या-तिरप्या रेषांची जाळी. भारतातील अशा इतर अनेक तुकड्यांवरच्या खुणा नैसर्गिक झिजेच्या असल्याचे पुढे दाखवले गेले. पाटण्याची नक्षी मात्र माणसाच्या हातची मानली जाते. साळींचा या विषयावरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

१६/
या टरफलाचे वय सुमारे २५,००० वर्षे निघाले. ते सांगितले भौतिकशास्त्राने. सजीवाच्या शरीरात कार्बन-१४ असतो. मृत्यूनंतर तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. पंचवीस हजार वर्षांनंतर मूळच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतका उरतो. अंड्याच्या टरफलातील चुन्यातही कार्बन असल्याने ही मोजणी तेथे करता येते.

१७/
पण खानदेशात शहामृग? शंका स्वाभाविक होती. २०१७ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रासह अनेक संस्थांच्या संशोधकांनी राजस्थान व मध्य प्रदेशातील अशाच प्राचीन टरफलांतील डीएनए तपासला. तो आफ्रिकी शहामृगाच्या डीएनएशी सुमारे ९२ टक्के जुळला. हिमयुगाच्या उत्तरकाळात हा पक्षी भारतात होता, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली. पुरातत्त्वाने उपस्थित केलेल्या प्रश्नावर जनुकशास्त्र बोलले.

१८/
आज विद्यापीठांत निसर्गविज्ञाने एका इमारतीत आणि सामाजिक शास्त्रे दुसऱ्या इमारतीत असतात. एका तालुक्यातील ही दोन गावे मात्र त्या वाटणीत बसत नाहीत. शिलालेखाच्या तारखेला खगोलशास्त्र लागले, टरफलाच्या वयाला भौतिकशास्त्र, पक्ष्याच्या ओळखीला जनुकशास्त्र, आणि बाजारातील देण्यांचा अर्थ लावायला भाषा व अर्थव्यवस्था यांचा अभ्यास. यांतील एकही शास्त्र वगळले, तर पाटणची गोष्ट अर्धी राहते.

१९/
पाटणचे जुने गाव टिकले नाही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरच्या वेळी ते उद्ध्वस्त अवस्थेत होते. ज्या मठाचा खर्च बाजाराच्या सुंकावर आणि घाण्याच्या तेलावर चालत होता, त्याचा आधार बाजाराबरोबरच गेला असणार. ग्रंथ मात्र वाचले, कारण त्यांच्या प्रती आणि टीका देशभर पसरल्या होत्या. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने लीलावतीचा फारसी अनुवाद केला, तेव्हा चांगदेवाच्या दानाला ३८० वर्षे झाली होती.

२०/
१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच जिल्ह्यात सुमारे आठ शतकांपूर्वी एका नातवाने आजोबांचा ग्रंथ नुसता पूजेला ठेवला नाही. तो कोठे शिकवायचा, काय शिकवायचे आणि दिव्याला तेल कोठून येणार, हे त्याने दगडावर कोरून ठेवले. पाटणादेवीला जाणाऱ्याने देवीच्या दर्शनानंतर त्या दगडापुढेही क्षणभर उभे राहावे.

॥ समाप्त ॥