वेड्यांच्या इस्पितळात विद्यार्थी



माझा एक जुना विद्यार्थी वैद्यकाची पदवी घेऊन परवा भेटावयास आला होता. पदव्युत्तर अभ्यासासाठी त्याने मनोविकारशास्त्र हा विषय पसंत केला आहे. हे ऐकून, "इतके गुण मिळवून शेवटी वेड्यांचा डॉक्टर होणार काय?" असा प्रश्न त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीच त्यास केला. मला त्याचे नवल वाटले नाही. या प्रश्नामागचा समज बराच जुना आहे, आणि त्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे.

कंपनी सरकारचा अंमल संपला त्याच १८५८ साली हिंदुस्थानात वेड्यांसंबंधीचा कायदा झाला. रस्त्यात भटकणारा वेडा पोलिसांनी धरावा, मॅजिस्ट्रेटपुढे न्यावा आणि त्याच्या हुकमाने इस्पितळात ठेवावा, अशी त्यातील रीत होती. १९१२ साली नवा कायदा आला, तरी ही वाट मोडली नाही. ठाण्याचे इस्पितळ १९०१ सालचे. "याला आता ठाण्यास पाठवावे लागणार" ही थट्टा आपल्यापैकी पुष्कळांनी केली असेल. आजारी माणसाच्या इस्पितळाची अशी थट्टा कोणी करीत नाही. तुरुंगाची मात्र करितात.

पुढे १९२० नंतरच्या दशकात 'असायलम' हे नाव जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' हे नाव आले. रांची येथील युरोपियनांच्या इस्पितळाचे प्रमुख ओवेन बर्कली-हिल यांचा या बदलात मोठा हात होता. परंतु पाटी बदलल्याने घर बदलत नाही. माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्याच रांचीच्या इस्पितळास १९२२ साली लंडन विद्यापीठाच्या मानसवैद्यकातील पदविकेसाठी मान्यता मिळाली. रोगी रांचीचे आणि पदविका लंडनची, असा तो मामला होता खरा. तथापि त्या निमित्ताने वेड्यांच्या इस्पितळात विद्यार्थी शिरला. रखवालदारास रोग्याकडून एवढेच हवे असते, की त्याने पळून जाऊ नये. विद्यार्थ्यास त्याची हकीगत हवी असते. दुखणे केव्हा सुरू झाले, झोप कशी लागते, घरात पूर्वी कोणास असे झाले होते काय, हे सारे तो विचारतो. असे विचारणारा कोणी भेटला म्हणजे कैद्याचा रोगी होतो.

१९३३ साली कलकत्त्यास डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या सर्वसाधारण रुग्णालयातच मनोरुग्णांसाठी विभाग उघडला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी १९३८ मध्ये तसाच प्रारंभ केला. तापाचा आणि मनाचा रोगी एकाच फाटकातून आत येऊ लागले. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा एवढ्या विस्तीर्ण देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १० हजार खाटा होत्या. केवळ खाटा वाढवून भागणार नाही, शिकविणारी संस्था हवी, हे समितीने ओळखले. त्यातूनच १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, आणि पुढील वर्षापासून तेथे पदविकेचे वर्ग भरू लागले. लंडनची वाट मग अपरिहार्य राहिली नाही. आज हा एम. डी. चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम देशात ठिकठिकाणी चालतो.

याच काळात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक धाडस केले. माणसे अपुरी, रोगी उदंड. तेव्हा त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांनाच तेथे राहावयास बोलाविले. नातलगांनी शुश्रूषा केली, आजार म्हणजे काय ते पाहिले, आणि बरे झालेले माणूस बरोबर घेऊन घरी गेले. पुस्तकातून न मिळणारा हा धडा होता. रोग्यास परत घेणारे घर असेल तरच उपचार पुरा होतो.

हे सारे होऊनही २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांस पळताही आले नाही. ते रुग्णालय नव्हते. प्रार्थनास्थळाच्या आसऱ्याने चालविलेला एक निवारा होता. आप्तांनीच त्यांस तेथे आणून सोडले होते. २०१७ च्या कायद्याने साखळीस साफ मनाई केली आहे. परंतु कायदा साखळी तोडील, रोग्याचा हात कोणी धरावा? आपल्या देशात लाख वस्तीमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही.

म्हणून त्या वडीलधाऱ्यांस माझे सांगणे आहे, की ज्या दाराशी पूर्वी पोलीस रोग्यास आणून उभा करी, तेथे तुमचा मुलगा त्याचे स्वागत करावयास उभा राहणार आहे. त्यास अडवू नका. आणि उद्या आपल्याच घरात कोणाची झोप उडाली, कोणी अबोल झाले, तर ती गोष्ट दाराआड लपवू नका. त्याची हकीगत ऐकून घेणारा डॉक्टर तयार व्हावा यासाठी दोन पिढ्या खपल्या आहेत.