सेलेना आणि अर्ध्यावर राहिलेला अल्बम

लॅटिन पॉप म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना रिकी मार्टिन आठवतो, फार तर शकीरा. पण अमेरिकेने १९९९ मध्ये रिकी मार्टिनला डोक्यावर घेतलं, त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट आहे. १८ जुलै १९९५ ला सेलेनाचा 'ड्रीमिंग ऑफ यू' बाजारात आला, पहिल्याच आठवड्यात ३ लाख ३१ हजार प्रती खपल्या आणि अल्बम थेट बिलबोर्ड २०० मध्ये पहिल्या नंबरवर! तेव्हा सेलेनाला जाऊन साडेतीन महिने झाले होते.

हा तिचा 'क्रॉसओव्हर' अल्बम, म्हणजे स्पॅनिश बाजारातून इंग्रजीत उडी, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मला या शब्दाचीच गंमत वाटते. सेलेना किंतानिया १९७१ साली टेक्सासमध्ये जन्मली आणि घरात इंग्रजी बोलतच वाढली. स्पॅनिश तिला धड येत नव्हतं! वडील अब्राहम स्वतः पूर्वी 'लॉस दिनोस' नावाच्या बँडमध्ये गायचे. त्यांनी तिला स्पॅनिश गाणी उच्चार घोकून घोकून शिकवली. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला मंदीत त्यांचं रेस्टॉरंट बुडालं, कुटुंब कॉर्पस क्रिस्टीला गेलं आणि मग लग्नं, जत्रा, मिळेल तिथे गाणं हाच पोटापाण्याचा धंदा झाला. भाऊ ए. बी. बेस गिटारवर, बहीण सुझेट ड्रम्सवर. संगीत 'तेहानो', म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांचं, पोल्का आणि कुंबिया यांची मस्त खिचडी. त्यासाठी स्पॅनिश हवंच.

म्हणजे बघा, पोरगी परक्या भाषेत गाऊन स्टार झाली आणि स्वतःच्या भाषेत गायचं म्हटलं तर लोक त्याला सीमोल्लंघन म्हणायला लागले. इएमआय लॅटिनने तिला १९८९ मध्ये करारबद्ध केलं, तेव्हापासून तिला इंग्रजी अल्बम हवा होता. कंपनीचं म्हणणं, आधी स्पॅनिश श्रोते पक्के करा. तिने केले. १९९४ चा 'आमोर प्रोईबिदो' तर असा चालला की त्याने ग्लोरिया एस्तेफानच्या 'मी तिएर्रा'ला लॅटिन यादीतल्या पहिल्या नंबरवरून खाली खेचलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये तिला ऐकायला ६० हजारांवर माणसं होती. तरी इंग्रजी अल्बम आपला "होतोय, होतोय" :)

मग ३१ मार्च १९९५. फॅन क्लबच्या अध्यक्षबाईनेच (बुटिकचा कारभारही तीच बघायची, पैशांची अफरातफर उघडकीस आली होती) तिला गोळी घातली. चोविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. त्यावर अख्खा सिनेमा आहे, तेव्हा मी फार लिहीत नाही.

हाती काय उरलं? आमच्या भाषेत सांगायचं तर चार नवीन मॉड्यूल तयार आणि बाकी रिलीज जुन्या कोडवर रंग मारून भरायचं. अल्बममधल्या १३ पैकी पूर्ण इंग्रजी गाणी पाचच, त्यातलंही एक १९९२ चं. दोन मिश्र भाषेतली, त्यातलं एक डेव्हिड बर्नबरोबरचं. उरलेली सहा चक्क स्पॅनिश: 'कोमो ला फ्लोर', 'बिदी बिदी बोम बोम' वगैरे जुनी हिट गाणी नव्याने सजवून, शिवाय एका सिनेमासाठी गायलेली दोन मारियाची गाणी. अल्बम म्हणून ऐकाल तर एकसंध अजिबात वाटत नाही. प्रेमाच्या गुळगुळीत बॅलडनंतर एकदम ट्रम्पेट्स वाजायला लागतात!

पण त्यामुळेच झालं असं, की जे स्पॅनिश अमेरिकेच्या मुख्य बाजारात चालणार नाही असं धरलं होतं, तेच नंबर एकवर जाऊन बसलं. बहुतांश स्पॅनिश असलेला अल्बम तिथे पहिल्यांदाच थेट पहिल्या नंबरवर उतरला. आता कोणी म्हणेल की हा सगळा खप सहानुभूतीचा. पहिल्या आठवड्याचा बराचसा असेलही, मी वाद घालणार नाही. पण अॅस्ट्रोडोममधले ते ६० हजार ती जिवंत असतानाच आले होते ना? ते श्रोते आधीपासून होतेच, मोठ्या कंपन्यांनी मोजले नव्हते इतकंच. 'पीपल' मासिकाने सेलेनावरचा अंक हातोहात खपलेला पाहिला आणि १९९६ मध्ये स्पॅनिश आवृत्तीच काढली.

आणि हो, २०२० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांत सेलेनाचा एक अल्बम घेतला. तो हा नव्हे. १९९० चा 'वेन कोनमिगो', स्पॅनिश आणि अस्सल तेहानो.